चुंबकीय फीत व लघुसंगणकाचा आरंभ

१

एखादी आज्ञावली संगणकाच्या स्मृतीत आणावयाची झाल्यास ती आणणारी दुसरी आज्ञावली तेथे अगोदरच हजर असावी लागते. ही दुसरी आज्ञावली तेथे कशी आली, असे विचारले तर तिसरीकडे बोट दाखवावे लागते, आणि तिसरीविषयीही तोच प्रश्न उभा राहतो. नैयायिक ज्यास अनवस्था म्हणतात तोच हा दोष होय. तरीही संगणक सुरू होतात. तेव्हा ही परंपरा कोठे तरी तुटत असली पाहिजे हे उघड आहे. ती नेमकी कोठे तुटते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आजच्या संगणकात हा प्रश्न दिसत नाही, कारण त्याचे उत्तर कारखान्यातच यंत्राच्या पोटात कायमचे कोरून ठेवलेले असते. वापरणाऱ्याने कळ दाबावी आणि पडद्यावर चित्र उमटावे, एवढाच त्याचा अनुभव. परंतु १९६५ ते १९८० या कालखंडातील लघुसंगणकांत हा प्रश्न यंत्राच्या दर्शनी फलकावर मांडलेला असे आणि त्याचे उत्तर माणसास स्वतःच्या बोटांनी द्यावे लागे. त्या काळातील चुंबकीय फिती जगभरच्या विद्यापीठांच्या कपाटांत अद्याप पडून आहेत, आणि त्यांपैकी काहींवर भाषाभ्यासकांनी वर्षानुवर्षे खपून जमविलेली सामग्री आहे. म्हणून हा विषय केवळ यंत्रज्ञांच्या कुतूहलाचा राहत नाही.

२

लघुसंगणक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रांत अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीची यंत्रे विशेष प्रसिद्ध आहेत. तिचा पीडीपी-८ हा १२ बिटांचा संगणक १९६५ साली, तर पीडीपी-११ हा १६ बिटांचा संगणक १९७० साली बाजारात आला. आपल्याकडेही ट्रॉम्बे येथे १९६९ साली टीडीसी-१२ हा १२ बिटांचा संगणक सिद्ध झाला होता. पुढील विवेचन मात्र पीडीपी-११ पुरतेच मर्यादित ठेवले आहे. कारण त्याची आरंभक्रिया अत्यल्प शब्दांत मावते आणि म्हणून तिचे संपूर्ण विश्लेषण करता येते.

येथे ‘शब्द’ ही संज्ञा यंत्राच्या परिभाषेतील आहे. पीडीपी-११ मधील एक शब्द म्हणजे १६ बिटांचा, म्हणजेच दोन बाइटांचा संच. तो अष्टमान पद्धतीने, सहा अंकांत लिहिण्याचा प्रघात होता, आणि पुढे दिलेले यंत्रशब्द व स्थानांक त्याच पद्धतीने वाचावयाचे आहेत. दर्शनी फलकावर प्रत्येक बिटास एक याप्रमाणे स्विचांची रांग असे. हे स्विच तीन-तीनांच्या गटांत मांडलेले असत. त्यामुळे एका गटाने एक अष्टमान अंक दर्शविता येई.

आता फितीचा विचार करू. अर्धा इंच रुंदीच्या या फितीवर नऊ समांतर मार्ग असतात. आठ मार्गांवर एका बाइटचे आठ बिट व नवव्या मार्गावर त्यांची बरोबरी तपासणारा समता-बिट, अशी रचना असते. आरंभीच्या यंत्रांत एका इंचात ८०० बाइट लिहिले जात. पुढे हे प्रमाण १,६०० व त्यानंतर ६,२५० पर्यंत गेले. पूर्ण आकाराच्या रिळावर २,४०० फूट फीत मावते. फितीच्या आरंभापासून काही अंतरावर एक चकाकणारा तुकडा चिकटविलेला असतो. त्याच्यावरून परावर्तित होणारा प्रकाश ओळखून यंत्र फितीचा प्रारंभबिंदू निश्चित करते.

मजकूर फितीवर सलग लिहिलेला नसतो. तो नोंदीनोंदींनी लिहिला जातो आणि दोन नोंदींमध्ये सुमारे ०.६ इंच जागा कोरी सोडलेली असते. फीत थांबण्यास व पुन्हा वेग घेण्यास जो अवकाश लागतो त्यासाठी ही योजना आहे. ५१२ बाइटांची एक नोंद ८०० च्या घनतेने ०.६४ इंच जागा व्यापते. म्हणजे अशा फितीचा जवळजवळ अर्धा भाग कोराच असतो. परंतु ही कोरी जागा निरर्थक नाही. एक नोंद कोठे संपते हे यंत्रास याच जागेवरून कळते. मोडी कागद वाचताना, शब्द कोठे तुटतो हे लिपी सांगत नसल्यामुळे वाचकास ते ज्ञान स्वतःपाशी बाळगावे लागते. फितीवर पदच्छेद लिहिलेला आहे, मात्र तो अक्षरांत लिहिलेला नसून अक्षरांच्या अभावात लिहिलेला आहे. पुढे फितीची नक्कल काढताना या गोष्टीस फार महत्त्व येते.

३

उदाहरणादाखल युनिक्स या संचालन-प्रणालीची सहावी आवृत्ती घेऊ. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी घडविलेल्या या प्रणालीची ही आवृत्ती १९७५ साली विद्यापीठांकडे जाऊ लागली. फितीसोबत प्रतिष्ठापनेची एक लहानशी टिपणिका असे. यंत्रात आरंभक आज्ञावली कोरलेली नसल्यास, फीत प्रारंभबिंदूवर आणून पुढील सहा यंत्रशब्द स्थानांक १००००० पासून हाताने भरावेत, असे तीत सांगितले होते:

०१२७००
१७२५२६
०१००४०
०१२७४०
०६०००३
०००७७७

भरण्याची रीत अशी. प्रथम यंत्र थांबवावयाचे, स्विचांवर स्थानांक मांडून ‘लोड ॲड्रेस’ची कळ दाबावयाची, मग स्विचांवर एकेक शब्द मांडून ‘डिपॉझिट’ची कळ वर उचलावयाची. ही कळ इतर कळांप्रमाणे दाबावयाची नसून उचलावयाची आहे. प्रत्येक शब्दानंतर पुढील स्थानांक यंत्र आपण होऊन घेते. शेवटी आरंभस्थान पुन्हा मांडून ‘स्टार्ट’ दाबली की काम सुरू होते.

या सहा शब्दांचा अर्थ लावू. फितीच्या नियंत्रकाशी बोलण्यासाठी पीडीपी-११ मध्ये निराळ्या आज्ञा नाहीत. नियंत्रकाच्या नोंदवह्या स्मृतीतील ठराविक स्थानांकांवर असल्यासारख्या दिसतात. तेथे संख्या लिहिणे हीच नियंत्रकास केलेली आज्ञा होय. पहिले दोन शब्द मिळून एक आज्ञा होते: १७२५२६ ही संख्या शून्य क्रमांकाच्या धारकात ठेवावी. ही संख्या म्हणजे नियंत्रकाच्या एका नोंदवहीचा स्थानांक आहे. फितीवरून आलेला मजकूर स्मृतीत कोठे ठेवावयाचा, हे ती नोंदवही सांगते. या नोंदवहीत मात्र काहीही लिहिले जात नाही. ‘स्टार्ट’ दाबताच सर्व उपकरणांच्या नोंदवह्या पुसल्या जातात. त्यामुळे तेथे शून्य असते, आणि मजकूर स्मृतीच्या शून्य स्थानापासून ठेवला जाणार हे आपोआप ठरते.

तिसऱ्या शब्दाचा अर्थ असा: धारकातील स्थानांक दोनाने कमी करावा व त्या नव्या स्थानी धारकातीलच संख्या लिहावी. एका पायरीने खाली असलेली ही नोंदवही बाइटांची मोजणी करणारी आहे व तिला ऋण संख्या हवी असते. १७२५२६ हा स्थानांक ऋण संख्या म्हणून वाचला, तर तो दशमान पद्धतीने उणे २,७३० होतो. खरे पाहता फक्त ५१२ बाइट हवे आहेत. परंतु मागितलेल्याहून नोंद लहान असेल तर ती संपताच वाचन थांबते. म्हणून संख्या पुरेशी मोठी असली की झाले. स्थानांक आधी कमी करून मग लिहावयाचा की मूळचा लिहावयाचा, याविषयी पीडीपी-११ च्या निरनिराळ्या नमुन्यांत एकवाक्यता नाही. पण दोनांचा फरक येथे निरुपद्रवी ठरतो. एकच संख्या एकदा स्थान म्हणून व एकदा परिमाण म्हणून वापरली गेली आणि एक शब्द वाचला. श्लेषाचा इतका काटकसरी उपयोग साहित्यातही क्वचितच आढळेल.

चौथा व पाचवा शब्द मिळून पुढची आज्ञा होते: आणखी एक पायरी खाली उतरून ०६०००३ ही संख्या लिहावी. ही आज्ञेची नोंदवही होय. संख्येतील ६ या अंकाने नऊ मार्गांची व ८०० घनतेची फीत सूचित होते. अखेरच्या ३ या अंकातील एक बिट ‘वाच’ असे सांगतो व दुसरा ‘सुरू कर’ असे सांगतो. सहावा शब्द म्हणजे स्वतःकडेच उडी मारण्याची आज्ञा. नियंत्रक फितीवरून मजकूर परस्पर स्मृतीत नेत असताना मुख्य यंत्राने जागच्या जागी घुटमळत राहावे, एवढाच तिचा हेतू.

फीत किंचित हलते व थांबते. यंत्राकडून काम झाल्याची कोणतीही वर्दी मिळत नाही. माणसाने फीत थांबल्याचे डोळ्यांनी पाहावयाचे, यंत्र थांबवावयाचे आणि शून्य स्थानापासून ते पुन्हा सुरू करावयाचे. बारा बाइटांच्या या आज्ञावलीत यशाची परीक्षा नाही आणि चुकीची दखलही नाही. ते काम माणसाकडे सोपविल्यामुळेच ती बारा बाइटांत मावली आहे.

४

शून्य स्थानी आलेली नोंद ५१२ बाइटांची आहे. ती सुरू होताच फीत मागे गुंडाळली जाते व कन्सोलवर ‘=’ हे चिन्ह उमटते. येथे एक महत्त्वाचे स्थित्यंतर घडते. आतापर्यंत यंत्रास केवळ स्थानांक समजत होते. आता त्याला नाव समजते. ‘टीएमआरके’ असे टंकित केले असता फितीच्या आरंभी असलेल्या सूचीत त्या नावाचा शोध घेतला जातो व ती आज्ञावली स्मृतीत येते. तिचे काम फितीवरील खंड आरके-०५ या डिस्कवर उतरविण्याचे. मात्र हिला पुन्हा नावे कळत नाहीत. डिस्कवर कोठे, फितीवर कोठून व किती, असे तीन प्रश्न ती विचारते. शून्य, शंभर व एक अशी उत्तरे दिली म्हणजे फितीवरचे शंभर खंड सोडून पुढचा एक खंड डिस्कच्या आरंभी जातो. पुन्हा एक, एकशे एक व ३,९९९ अशी उत्तरे दिली की मूळ प्रणाली डिस्कवर उतरते.

त्यानंतर डिस्कवरून आरंभ करावयाचा. तिच्या पहिल्या खंडातील आज्ञावली ‘@’ हे चिन्ह दाखविते. तिला डिस्कवरील संचिकांची रचना ठाऊक असते. म्हणून प्रणालीच्या गाभ्याचे नाव टंकित करताच ती तो शोधून स्मृतीत आणते व स्वतः बाजूस होते. गाभा चालू झाल्यावर अनेक माणसांनी एकाच वेळी काम करावे अशी संपूर्ण प्रणाली उभी राहते.

सहा शब्द, ५१२ बाइटांची नोंद, नक्कल करणारी आज्ञावली, डिस्कचा पहिला खंड आणि प्रणालीचा गाभा अशा या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीस पुढची पायरी ओळखता येईल एवढेच ज्ञान असते; त्याहून अधिक नसते व त्याहून कमी चालत नाही.

या प्रक्रियेत संकेताचे स्थान किती मोठे आहे, याचे एक उदाहरण त्याच टिपणिकेत सापडते. कंपनीने विकलेल्या, आरंभक कोरलेल्या भागातील आज्ञावली फितीवरील शून्य क्रमांकाची नोंद ओलांडून एक क्रमांकाची नोंद वाचीत असे. वर दिलेले सहा शब्द मात्र शून्य क्रमांकाचीच नोंद वाचतात. म्हणून या दोहोंत घोटाळा करू नये, असा इशारा टिपणिकेत दिलेला आहे. दोन्ही रीती निर्दोष आहेत. पहिली उपयुक्त नोंद कोणती याविषयी लिहिणारा व वाचणारा यांचे आधी एकमत असावे लागते, आणि ते एकमत फितीवर कोठेही लिहिलेले नसते.

५

संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकास येथे एका जुन्या चर्चेचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. पाणिनीच्या शास्त्रात उपदेशातील अंत्य व्यंजनास ‘इत्’ ही संज्ञा दिली आहे. व्यंजन हा अर्थ तेथे ‘हल्’ या प्रत्याहाराने सांगितला आहे. परंतु प्रत्याहार तयार होण्यासाठी शेवटचा वर्ण ‘इत्’ आहे हे अगोदर कळावे लागते. ‘हल्’ कळल्याविना ‘इत्’ कळत नाही व ‘इत्’ कळल्याविना ‘हल्’ कळत नाही, असा हा इतरेतराश्रय आहे. भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदीच्या आरंभी तेच सूत्र दोनदा घेऊन यातून वाट काढली. पहिल्या वेळी त्याचा अर्थ संकुचित केला, म्हणजे ‘हल्’ या एकाच सूत्रातील अंत्य वर्णापुरता घेतला. त्यावरून प्रत्याहार सिद्ध केला. आणि मग तेच सूत्र दुसऱ्या वेळी व्यापक अर्थाने लावले.

दोन्ही ठिकाणी परिहाराची पद्धत एकाच जातीची आहे. संपूर्ण शास्त्र एकदम हाती येत नाही म्हणून त्याचा अगदी लहान अंश आधी स्वीकारावयाचा आणि त्याच्या बळावर उरलेले उभे करावयाचे. साम्य याहून पुढे ताणणे मात्र योग्य होणार नाही. वैयाकरणाचा तो लहान अंश शास्त्रातच सापडतो. संगणकाचा तो अंश संगणकात नसतो. तो माणसाच्या स्मरणात किंवा कागदाच्या चिटोऱ्यावर असतो व बोटांच्या द्वारे आत जातो. कोरीव आरंभकामुळे ही परिस्थिती बदलत नाही. माणसाच्या बोटांचे काम तेथे कारखान्याने आगाऊ करून ठेवलेले असते, इतकेच.

६

या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष जतनाच्या क्षेत्रात जाणवतो. जुनी फीत व जुने यंत्र दोन्ही हाती असली तरी फीत लगेच चढविणे धोक्याचे असते. यंत्राचा वीजपुरवठा प्रथम भाराशिवाय तपासावा. वाचनशीर्षे व फितीचा मार्ग स्वच्छ करावा. टाकाऊ फितीवर यंत्राची परीक्षा घ्यावी. आणि रिळाच्या मागील खोबणीतील प्लॅस्टिकची कडी काढलेली आहे याची खात्री करावी, कारण त्या कडीविना यंत्रास फितीवर लिहिता येत नाही. १९७० नंतरच्या अनेक फितींतील चिकटद्रव्य हवेतील ओलावा शोषून विघटित होते. अशी फीत शीर्षास चिकटते व तिचा चुंबकीय लेप खरवडून निघतो. दमट हवेच्या प्रदेशात या दोषाची विशेष दखल घ्यावी लागते. अशा फितीस मंद उष्णता देऊन तात्पुरते वाचनयोग्य करता येते. परंतु ती वारंवार वाचता येईल असा भरवसा नसतो.

म्हणून नक्कल पहिल्याच वाचनात पूर्ण उतरणे इष्ट असते, आणि पूर्ण याचा अर्थ नोंदींच्या सीमांसह. केवळ बाइट एकापुढे एक साठविले तर कोरी जागा नाहीशी होते व तिच्याबरोबर नोंदींची लांबीही हरवते. बॉब सुपनिक यांनी १९९३ पासून विकसित केलेल्या ‘सिमएच’ या अनुकरण-आज्ञावलीच्या फीत-संचिकांत प्रत्येक नोंदीच्या दोन्ही बाजूंस तिची लांबी लिहिलेली असते. तिचे कारण हेच. अशी संचिका व वर दिलेले सहा शब्द यांच्या साहाय्याने युनिक्सची सहावी आवृत्ती आजच्या कोणत्याही साध्या संगणकावर, मूळच्याच क्रमाने सुरू करता येते. लोखंडी यंत्र गेले तरी त्याची वागणूक राखता येते, मात्र ती वागणूक कोणी तरी तपशिलाने लिहून ठेवलेली असली पाहिजे.

२०२५ साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठात युनिक्सच्या १९७३ सालच्या चौथ्या आवृत्तीची फीत सापडली. या आवृत्तीचा फारच थोडा अंश तोपर्यंत उपलब्ध होता. फीत कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहास संग्रहालयात नेऊन वाचण्यात आली. तेथे वाचनशीर्षाकडून येणारे विद्युत्संकेत जसेच्या तसे नोंदवून, त्यांचे बिट कोणते हे नंतर आज्ञावलीने ठरविण्याची पद्धत वापरण्यात आली. पन्नास वर्षांहून अधिक जुनी फीत बोलू शकली, याचे श्रेय तिच्या निर्मात्यांइतकेच त्या नोंदींची रचना जाणणाऱ्या आजच्या अभ्यासकांचे आहे.

भाषाविज्ञानाचा संबंध येथे थेट येतो. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात फ्रान्सिस व कुचेरा यांनी १९६१ सालच्या मुद्रित इंग्रजीतील दहा लाखांहून अधिक शब्दांचा संग्रह तयार केला व तो चुंबकीय फितीवर अभ्यासकांस उपलब्ध करून दिला. त्याच धर्तीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली, १९७८ साली भारतात छापल्या गेलेल्या इंग्रजीचा सुमारे दहा लाख शब्दांचा संग्रह १९८६ पर्यंत सिद्ध झाला. तोही नॉर्वेतील बर्गेन येथील केंद्रामार्फत वितरित होत असे. हे संग्रह आज वाचता येतात, कारण प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी ते एका माध्यमावरून दुसऱ्या माध्यमावर वेळीच उतरविले आणि त्यांची रचना सांगणारी पुस्तिका सोबत ठेवली. ज्या संग्रहांच्या वाट्यास अशी प्रसिद्धी आली नाही, एखाद्या बोलीच्या सर्वेक्षणाची किंवा एखाद्या प्रबंधाची सामग्री ज्या फितींवर आहे, त्यांच्याविषयी असे म्हणता येत नाही.

अशी फीत ज्या विभागाच्या कपाटात असेल त्याने ती चालविणारे यंत्र मिळेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. मार्ग किती, घनता किती, एका नोंदीत किती बाइट, अक्षरांसाठी आस्की संकेत वापरला आहे की आयबीएमचा एब्सिडिक, पहिली उपयुक्त नोंद कितवी, आणि आरंभ कसा करावयाचा, या सहा गोष्टी फीत लिहिणाऱ्या माणसास बहुधा अद्याप आठवत असतात. त्यास विचारून त्या कागदावर उतरवून घ्याव्यात आणि तो कागद फितीच्या डब्यात ठेवावा. फितीच्या लेपाहून माणसाचे स्मरण आधी पुसले जाते.